चुकल्याचुकल्यासारखं

कुठल्याही शहरातली एखादी नावाजलेली वास्तू जळली, कोसळली किंवा पाडली की दोन दिवसांत दोन गट पडतात. एक म्हणतो, अरे दगडविटाच होत्या ना, माणसं मरतात तेव्हा एवढं रडता का कधी? दुसरा म्हणतो, ते काही नाही, होती तशीच बांधा, होती तिथेच बांधा, एक खिळा इकडचा तिकडे व्हायला नको. मग आठवडाभर एकमेकांना "म्हातारे नॉस्टॅल्जिक" आणि "काळीज नसलेले" म्हणून होतं, आणि वाद विरून जातो. पॅरिसचं नोत्र दाम २०१९ मध्ये जळलं तेव्हा हेच, कोपनहेगनचं जुनं स्टॉक एक्स्चेंज एप्रिल २०२४ मध्ये जळलं तेव्हाही हेच, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळलं तेव्हाही थोड्याफार फरकाने हेच. दोन्ही बाजू ऐकताना मला सारखं वाटत राहतं की या लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होतंय ते नेमकं कशामुळे, हे कुणी विचारतच नाहीये.

माझं म्हणणं असं आहे की हे चुकल्यासारखं वाटणं म्हणजे हळवेपणा नाही, तो पुरावा आहे. ती वास्तू लोकांना काहीतरी देत होती, ज्याचं तिकीट नव्हतं आणि ज्याची नोंद मालकाच्या किंवा सरकारच्या कुठल्याच वहीत नव्हती, आणि ते बंद पडलंय. पण पुरावा म्हटला की त्याची उलटतपासणीही आली. नुसतं "आठवण येते" एवढ्यावर हुबेहूब नक्कल उभी करायची हेही मला मान्य नाही. आधी काय हरवलंय ते शोधा, मग बांधायचं की नाही, कसं बांधायचं, ते ठरवा.

न्यूयॉर्कच्या जुळ्या टॉवर्सचं बघा. ते उभे होते तोवर दक्षिण मॅनहॅटनमध्ये सबवेच्या जिन्यावरून वर आलेला माणूस आधी मान वर करायचा, टॉवर कुठे दिसतात ते बघायचा आणि त्यावरून दक्षिण कुठली ते समजून चालायला लागायचा. २००१ नंतर कितीतरी लोकांनी हीच गोष्ट सांगितलीय, की जिना चढून वर आलो, सवयीने मान वळली आणि तिथे आभाळ होतं. दात पडल्यावर जीभ दिवसभर त्याच खाचेत जाते ना, तसं. यात सौंदर्याचा काही संबंध नाही, कारण हे टॉवर फार कुणाला आवडत होते असंही नाही. एम्पायर स्टेट आणि क्रायस्लर या बिल्डिंगा ज्या खोक्यांतून आल्या ती रिकामी खोकी, अशी त्यांची चेष्टा व्हायची. आणि ते बांधायला जी जागा रिकामी केली तिथे आधी रेडिओ रो होती, रेडिओची, सुट्या भागांची, इलेक्ट्रॉनिक्सची शेकडो दुकानं, दुकानदार कोर्टात गेले, हरले, साठच्या दशकात सगळं पाडलं गेलं. म्हणजे ज्या टॉवर्सच्या नसण्याने एका पिढीला चुकल्यासारखं झालं, त्या टॉवर्सच्या असण्याने आधीच्या पिढीतल्या कुणालातरी तसंच झालं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पहिल्या गटाचा मुद्दा, आणि तो साधासुधा नाहीये. माणसं महत्त्वाची की भिंती? नोत्र दामसाठी दीडशे देशांतल्या सुमारे ३ लाख ४० हजार लोकांनी आणि संस्थांनी मिळून ८४.६ कोटी युरो दिले किंवा द्यायचं कबूल केलं, त्यातले मोठमोठे आकडे तर आग लागल्यावर एक-दोन दिवसांतच जाहीर झाले, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की बेघरांसाठी ही घाई का दिसत नाही. प्रश्न बरोबर आहे आणि तो विचारणाऱ्याला कोरडा म्हणणं चूक आहे. पण त्यातून जो निष्कर्ष काढतात, की इमारतीसाठी रडणं हे पोट भरलेल्यांचं काम, तो मात्र टिकत नाही. १९४४ चा उठाव मोडून काढल्यावर नाझींनी पोलंडची राजधानी वॉर्सा ठरवून, एकेक घर घेऊन, सुरुंग लावून आणि जाळून संपवलं. १९४५ च्या हिवाळ्यात लोक त्या ढिगाऱ्यात परत आले तेव्हा त्यांच्याकडे छप्पर नव्हतं, कोळसा नव्हता, धड खायला नव्हतं. यांच्याइतकं उपाशी आणि उघडं कोण असणार? तरी त्याच फेब्रुवारीत राजधानी पुन्हा बांधण्याचं ऑफिस सुरू झालं आणि १९५३ पर्यंत जुन्या शहराचा चौक पुन्हा उभा होता. यात नव्या कम्युनिस्ट सरकारचा स्वतःची टिमकी वाजवण्याचा भाग होताच, आणि त्यासाठी व्रोत्सवाफसारख्या दुसऱ्या पडक्या शहरांतून विटा ओढून नेल्या, हेही खरं आहे. पण लोक ढिगारे उपसायला उतरले ते नुसत्या सरकारी फर्मानाने नाही. आणि उलट बाजूने बघा ना, जर त्या दगडविटाच होत्या तर शत्रूने हरत चाललेल्या युद्धात, माणसं आधीच हाकलून दिलेल्या शहरात, सुरुंग लावायला एवढी मेहनत कशाला घेतली असती?

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो, की आठवण खोटं बोलते. बोलतेच. न्यूयॉर्कचं जुनं पेन स्टेशन आता सगळ्यांना देऊळ वाटतं, १९१० चं, रोमच्या प्राचीन स्नानगृहांच्या धर्तीवर बांधलेलं, उंच छत, वरून तिरपा पडणारा उजेड. पण १९५० च्या दशकात ते काजळलेलं होतं, जाहिराती आणि स्टॉल्सनी भरलेलं होतं, रेल्वे कंपनी तोट्यात होती, आणि १९६२ च्या ऑगस्टमध्ये ते पाडायला विरोध म्हणून जो मोर्चा निघाला त्यात जेमतेम दोनेकशे माणसं होती, तीही बरीचशी आर्किटेक्ट आणि लेखक मंडळी. रोज त्यातून जाणारे लाखभर लोक कुठे होते? ते गाडी पकडत होते! तर मग ज्याला असताना कुणी विचारलं नाही त्याच्यासाठी नंतर गळा काढायचा हक्क कुणाला?

सगळ्यांना, असं माझं उत्तर आहे. चांगल्या सार्वजनिक वास्तूचा गुणच हा असतो की ती दिसेनाशी होते, आपण तिच्यातून जातो, तिच्याकडे बघत नाही. घरातली विहीर कुणी रोज उभं राहून न्याहाळत नाही. पेन स्टेशनचा विध्वंस ऑक्टोबर १९६३ मध्ये सुरू झाला आणि काही वर्षं चालला, कारण खाली गाड्या चालूच होत्या. म्हणजे प्रवाशांना आपलं स्टेशन रोज थोडं थोडं कमी होताना दिसत होतं, पुतळे, खांबांचे तुकडे ट्रकमधून न्यू जर्सीच्या दलदलीत टाकायला निघाले होते. आणि १९६५ मध्ये, पाडकाम संपायच्या आतच, न्यूयॉर्कने वारसा वास्तू वाचवण्याचा कायदा केला. त्याच कायद्यामुळे पुढे ग्रँड सेंट्रल स्टेशन वाचलं, त्याचा खटला १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि शहर जिंकलं. आठवण त्या काजळीबद्दल खोटं बोलली असेल, पण बाकी जे सांगत होती ते खरंच होतं. पेन स्टेशनच्या डोक्यावर मॅडिसन स्क्वेअर गार्डन नावाचं बंदिस्त स्टेडियम बसलं आणि प्रवासी कायमचे तळघरात गेले, ठेंगणं छत, ट्यूबलाइट. त्यांना जे चुकत होतं ते रोमन खांब नव्हतेच. शहरात शिरताना एक क्षण मोठं वाटण्याची सोय होती, ती गेली. २०२१ मध्ये रस्त्यापलीकडच्या जुन्या पोस्ट ऑफिसात काचेच्या छताचा नवा हॉल उघडला तेव्हा त्यात जुन्या स्टेशनची नक्कल कुठेच नव्हती, आणि तरी लोक वर बघत उभे राहिले.

आता माझ्याच बाजूच्या लोकांकडे वळतो, जे "जशीच्या तशी" म्हणतात. त्यांच्यावर नेहमीचा आरोप असतो की नक्कल म्हणजे फसवणूक. हा आरोप मी मानत नाही. जपानमधलं इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडाने बांधतात, २०१३ मध्ये बासष्टाव्यांदा बांधलं, आणि ते नकली आहे असं तिथे कुणी म्हणत नाही, कारण तिथे जपायचं असतं ते बांधायचं कसब. व्हेनिसचा घंटाघर-मनोरा १४ जुलै १९०२ ला सकाळी खाली बसला (माणूस एकही मेला नाही, राखणदाराची मांजर तेवढी गेली म्हणतात), आणि "होता तसा, होता तिथे" म्हणत १९१२ मध्ये पुन्हा उभा राहिला. आज त्याच्यासमोर फोटो काढणाऱ्याला हे माहीतही नसतं आणि त्याने काही बिघडत नाही.

पण "जशी होती तशी" म्हणजे कधी होती तशी? नोत्र दामचा जो निमुळता मनोरा जळून कोसळताना बघून जग हळहळलं, तो मध्ययुगातला नव्हताच, तो १९ व्या शतकात व्हिओले ल द्युक या आर्किटेक्टने नव्याने बसवलेला होता. वॉर्साची काही घरं बेलोत्तो या अठराव्या शतकातल्या चित्रकाराची चित्रं समोर ठेवून बांधली, आणि हा चित्रकार चित्र छान दिसावं म्हणून इमारतीत थोडे फेरफार करायचा, त्यामुळे तिथे काही घरं अशी उभी आहेत जी आधी फक्त कॅनव्हासवर होती. आणि दक्षिण कोरियाची गोष्ट तर विचारूच नका. सोलच्या नामदेमुन दरवाज्याचा लाकडी भाग फेब्रुवारी २००८ मध्ये एका चिडलेल्या म्हाताऱ्याने पेटवून दिला, जमिनीच्या मोबदल्यावरून त्याची तक्रार होती. सरकारने पारंपरिक पद्धतीने, पारंपरिक रंगाने पुन्हा बांधायचं वचन दिलं, २०१३ मध्ये थाटात उद्घाटन झालं, आणि काही महिन्यांत रंगाचे पोपडे निघायला लागले, चौकशीत कळलं की नैसर्गिक रंगाच्या नावाखाली केमिकल रंग मिसळला होता. वरून बघायला जशीच्या तशी, आत भेसळ. हुबेहूबपणाचा हट्ट धरला की लोकांची नजर फक्त दिसण्यावर जाते, आणि दिसणंच तर सगळ्यात स्वस्तात जमतं.

यापेक्षा अवघड प्रश्न बर्लिनने विचारलाय. तिथे राजवाडा होता, युद्धात बॉम्बनी पडझड झाली, उरलेला १९५० मध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारने सुरुंगाने उडवला, राजेशाहीची खूण नको म्हणून. त्या जागेवर १९७६ मध्ये "प्रजासत्ताकाचा राजवाडा" उघडला, तपकिरी काचांची पेटी, आत नावाला संसद, पण त्याबरोबर रेस्टॉरंट, बोलिंग, नाचगाणं, मोठा हॉल, आणि फॉयरमध्ये एवढे दिवे की लोक त्याला राज्यकर्त्याच्या नावाने दिव्यांचं दुकान म्हणायचे. हुकूमशाही होतीच, कबूल. पण पूर्व बर्लिनमधल्या कितीतरी जणांचा वाढदिवस, पहिला डान्स, लग्नाचं जेवण तिथे झालं होतं. १९९० मध्ये बांधकामात ॲस्बेस्टॉस हा तब्येतीला घातक पदार्थ सापडला म्हणून बंद केला, २००६ ते २००८ मध्ये पाडला, आणि त्या जागी आधीच्या राजवाड्याच्या तीन बाजू हुबेहूब उभ्या केल्या, आता त्यात म्युझियम आहे. आता सांगा, इथे कुणाचं चुकल्यासारखं वाटणं मोजलं गेलं? ज्यांनी तो राजवाडा उभा पाहिला होता ते एव्हाना फार थोडे उरले होते. ज्यांना काचेची पेटी आठवत होती ते हजारो लोक जिवंत होते, पण हरलेल्या बाजूचे होते आणि त्यांची आठवण कुरूप होती. मॉस्कोतही हाच प्रकार. तारणहार ख्रिस्ताचं कॅथीड्रल स्टालिनने १९३१ मध्ये उडवलं, त्या जागी सोव्हिएतांचा अवाढव्य महाल व्हायचा होता, तो कधी झालाच नाही, शेवटी खड्ड्यात गरम पाण्याचा उघडा स्विमिंग पूल झाला, भर थंडीत वाफेतून फक्त डोकी दिसायची. मग २००० पर्यंत पूल बुजवून कॅथीड्रल परत आलं, आणि आता तलावात पोहणं शिकलेल्या लोकांना चुकल्यासारखं होतं. मला स्वतःला कॅथीड्रल परत येणं चूक वाटत नाही, ते पाडणं हा अन्यायच होता. पण तलाव आठवणाऱ्याला हसायचा हक्कही मला नाही.

म्हणून मी म्हणतो की विचारा. आणि विचारल्यावर उत्तरं वेगवेगळी येतात. कोल्हापूरच्या नाट्यगृहात काय चुकतंय याचं उत्तर शोधायला समिती लागत नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ पासून चालत आलेलं पॅलेस थिएटर ते, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळलं आणि दुसऱ्या दिवशी तिथे उभे राहून रडणारे लोक वास्तुशिल्पाबद्दल बोलत नव्हते, आपण कुठे उभे राहायचो, पहिलं वाक्य कुठून म्हटलं, शेवटच्या रांगेत आवाज कसा पोचायचा हे बोलत होते. तिथे पुन्हा बांधणं बरोबरच आहे, आणि कसोटीही सोपी आहे. दर्शनी भिंत हुबेहूब झाली पण आवाज मागे पोचला नाही, किंवा हौशी नाटकवाल्याला भाडं परवडलं नाही, तर नक्कल जमली आणि नाट्यगृह गेलं.

आता शनिवारवाडा घ्या, आणि इथे काही वाचक माझ्यावर चिडणार हे गृहीत धरून लिहितोय. वाडा १८२८ मध्ये जळाला, कित्येक दिवस आग चालली म्हणतात, उरले ते तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. "वाडा पुन्हा बांधा" हा सूर अधूनमधून निघतो. पण त्या वाड्यातून जाणारा, तिथल्या चौकात बसलेला माणूस जाऊन किती पिढ्या झाल्या? आपल्याला त्याचा अभिमान आहे, इतिहास आहे, कादंबऱ्या-सिनेमांनी भरलेलं चित्र डोळ्यासमोर आहे, पण चुकल्याचुकल्यासारखं होत नाही, कारण जे आपल्याला सवयीचं झालंय ती ती जोतीच आहेत, त्यांच्यावर बसणारी पोरं आणि हिरवळ. आणि मजले कसे होते, आतलं काम कसं होतं, याचे भरवशाचे नकाशे कुठेत? मग बांधणार ते काय, कल्पना. हवं तर बांधा, पण त्याला "परत आणणं" म्हणू नका.

उलट कधीकधी मोडकं तसंच ठेवणं हेच वास्तूचं काम होऊन बसतं. ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्शं फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावानंतर कोसळलं आणि चार दशकांहून जास्त काळ दगडांचा ढीग म्हणून पडून राहिलं, १९८० च्या दशकात तरुण तिथे युद्धाविरुद्ध मेणबत्त्या लावायला जमायला लागले. २००५ मध्ये चर्च पुन्हा उभं राहिलं, जुने काळवंडलेले दगड नव्या पिवळसर दगडांत तसेच बसवले, त्यामुळे भिंतीवर आज ठिपके दिसतात, कुठला दगड आगीतून आलाय ते कुणीही बोट ठेवून दाखवू शकतो. घुमटावरचा क्रॉस लंडनच्या ज्या सोनाराने घडवला त्याचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानात होते. पुन्हा बांधायचं तर असं बांधावं, आग लपवू नये. तरी ढीगच हवा होता म्हणणारे लोक होते, आणि त्यांचं काहीतरी खरंच गेलं.

शेवटी पैशाचं, कारण सगळं तिथेच येतं. आगीच्या आधी नोत्र दामच्या देखभालीला सरकार वर्षाला वीसेक लाख युरो देत होतं, चर्चवाले बाहेरून देणग्या गोळा करायला धडपडत होते, दगड भुगा होऊन पडत होते. आग लागली आणि कोट्यवधी आले. नामदेमुन पेटवणाऱ्याने तोच दरवाजा निवडला कारण तिथे शिरणं सोपं होतं, रात्रीला धड पहारा नव्हता. एका वॉचमनचा पगार वाचवला आणि नंतर पाच वर्षं बांधकाम केलं. आम्ही रडतो ते खरं रडतो, पण रडायच्या आधी वायरिंग तपासायला कुणी वर्गणी मागितली असती तर आमच्यातल्या कितीजणांनी दिली असती? मी दिली नसती बहुतेक.

लंडनच्या युस्टन स्टेशनसमोर १८३७ ची दगडी कमान होती, ती १९६१-६२ मध्ये पाडली. पाडकामाचा ठेकेदार स्वतः म्हणाला होता की दगडांवर नंबर घालून मी माझ्या खर्चाने सांभाळून ठेवतो, पुढेमागे कुठे उभी करायची तर करा. नको म्हणाले. त्या ठेकेदाराला बहुतेक राहवलं नसावं, त्याने कमानीची चांदीची छोटी प्रतिकृती करून ती वाचवायला धडपडणाऱ्या मंडळींना भेट दिली. दगड मात्र सापडले ते थेट १९९४ मध्ये, पूर्व लंडनमधल्या एका कालव्याच्या तळाशी. तिथे खड्डा पडला होता, तो भरायला टाकले होते.